सिग्नलला उभ्या गाडीला मागून धडक, आणि दुसऱ्या दिवशी मान धरली: हेडरेस्टचं नेमकं काम काय?

प्रश्न थोडक्यात असा होता:

"गेल्या महिन्यात आमची गाडी सिग्नलला उभी असताना मागून टेम्पो आदळला. वेग फार नव्हता. बंपरला तडा गेला, डिकीच्या झाकणाला पोचा आला, एवढंच. मिस्टर गाडी चालवत होते, त्यांना काही झालं नाही. मी शेजारी बेल्ट लावून बसले होते. त्या दिवशी मीही ठीक होते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मान वळेना. डॉक्टर व्हिपलॅश म्हणाले, म्हणजे झटक्याने मानेला झालेली दुखापत. सीटला हेडरेस्ट असूनही असं कसं झालं? सीटकव्हरवाला आता मानेची उशी लावा म्हणतोय, ती लावू का? आणि मागच्या सीटचे हेडरेस्ट आरशात आड येतात म्हणून काढून ठेवलेत. ते चालेल ना?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते थांबू शकत नाही. नाही चालणार. मागे मोठं माणूस बसत असेल तर ते हेडरेस्ट आजच परत बसवा. कारण पुढे येईलच.

मी २२ वर्षं गाड्यांच्या सीटच्या कामात आहे. सुरुवात चाकणच्या एका कारखान्यात सीटच्या सांगाड्याचं वेल्डिंग तपासण्यापासून झाली, पुढे डिझाइन आणि टेस्टिंगमध्ये आलो. मी डॉक्टर नाही. तुमच्या मानेवर काय उपचार करायचे ते तुमचे डॉक्टर ठरवतील. पण त्या क्षणी सीटमध्ये काय घडलं, हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण तेच पाहण्यात माझी निम्मी नोकरी गेली.

तुम्ही नंतर पाठवलेले दोन फोटो पाहिले. पहिल्याच फोटोत उत्तर आहे. तुमच्या सीटला रेक्सिनचं कव्हर आहे आणि ते सीटच्या पाठीवरून हेडरेस्टपर्यंत एकसंध शिवलेलं आहे. हेडरेस्ट अगदी तळाच्या खाचेत आहे आणि कव्हरने तो तिथेच बांधून ठेवलाय. म्हणजे गाडी घेतल्यापासून तो वर झालेलाच नाही. दुसऱ्या फोटोत तुम्ही स्वतः बसलेल्या आहात: सीटची पाठ बरीच मागे पाडलेली, केस वर घेऊन मोठा क्लचर लावलेला, आणि डोक्याच्या मागे हेडरेस्टपर्यंत माझ्या अंदाजाने बारा-तेरा सेंटीमीटर मोकळी जागा. हेडरेस्टचा वरचा काठ तुमच्या मानेच्या मध्यावर येतोय. असा हेडरेस्ट नसल्यातच जमा.

आता आत काय होतं ते सांगतो. इथे जरा वेळ घेतो, कारण हे एकदा डोळ्यांसमोर आलं की बाकीचं सांगावं लागत नाही.

बहुतेकांना वाटतं, मागून ठोकर बसली की माणूस पुढे फेकला जातो. तसं होत नाही. गाडी पुढे ढकलली जाते. गाडीला सीट बोल्ट केलेली असते, म्हणून सीट पुढे जाते. सीटची पाठ तुमच्या पाठीला ढकलते, म्हणून तुमचं धड पुढे जातं. आणि डोकं? त्याला ढकलणारं कोणीच नाही. ते जडत्वामुळे होतं तिथेच राहू पाहतं. धड खालून निघून चाललंय आणि डोकं जागेवर, अशी काही क्षण अवस्था असते. दोघांना जोडणारी एकच गोष्ट, ती म्हणजे मान. मग डोक्याला पुढे ओढून नेण्याचं सगळं काम मानेवर येतं.

किती काम? ढोबळ हिशेब करू. समजा धडकेमुळे तुमची उभी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात ताशी १५ किलोमीटर वेगाला पोचली. एवढा झटका म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या चौपटीहून थोडा अधिक. माणसाचं डोकं साधारण साडेचार किलोचं. म्हणजे ते गाडीबरोबर न्यायला सुमारे १९ किलो वजनाइतका जोर लागतो. घरी पाण्याचा २० लिटरचा जार येतो ना, जवळपास तेवढं वजन, आडवं ओढणारं, अवचित. हा जोर कोणीतरी द्यायलाच हवा. हेडरेस्ट डोक्याच्या मागे जवळ असेल तर तो देतो. नसेल तर मानेचे मणके, सांधे आणि स्नायू देतात.

स्नायूंनी तरी सावरायला हवं, असं कोणी म्हणेल. त्यांना वेळच मिळत नाही. बेसावध माणसाच्या मानेचे स्नायू भानावर येऊन पूर्ण ताकदीने आवळेपर्यंत सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त वेळ लागतो. तोवर मुख्य नुकसान होऊन गेलेलं असतं.

पहिल्यांदा मी स्लेडवरची चाचणी पाहिली ते आठवतं. स्लेड म्हणजे रुळावरचा गाडा. त्यावर फक्त सीट बसवतात, सीटवर डमी म्हणजे माणसाच्या मापाचा चाचणीचा पुतळा, आणि गाड्याला नेमका मोजलेला हिसका देतात. डोळ्यांनी पाहिलं तर काहीच कळत नाही. धप्प आवाज येतो, डमी थोडा हलतो, संपलं. मग हायस्पीड कॅमेऱ्याची फिल्म संथ करून लावली. आधी सीटचा फोम दबला आणि डमीची पाठ त्यात बुडाली. मग छाती पुढे निघाली. डोकं मात्र तसंच, समोर बघत, सरळ. क्षणभर असं दिसलं की डोकं खांद्यांवरून मागे सरकतंय, ड्रॉवर सरकावा तसं, न वाकता. आणि त्यानंतर ते मागे कलंडलं. मी आमच्या साहेबांना विचारलं, मान मोडते ती आत्ता का, कलंडताना? ते म्हणाले, नाही, त्याच्या आधी. परत बघ. मी परत पाहिली, आणि नंतर अनेक वर्षं पाहत राहिलो.

ते "त्याच्या आधी" फार महत्त्वाचं आहे. डोकं न वाकता मागे सरकत असताना मानेची कमान बिघडून तिचा इंग्रजी एस अक्षरासारखा आकार होतो. मानेच्या खालच्या भागातले मणके मागे वाकतात, तर त्याच वेळी वरच्या भागातले पुढे वाकतात. १९९७ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मनोहर पंजाबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी मानेच्या मणक्यांवर प्रयोग करून हा एस आकार स्पष्ट दाखवला. खालच्या मणक्यांचा बाक नेहमीच्या मर्यादेपलीकडे जातो, आणि तोही डोकं पूर्ण मागे जाण्याच्या आधीच. मणक्यांच्या मागच्या बाजूला छोटे छोटे सांधे असतात, फॅसेट जॉइंट म्हणतात त्यांना. त्यांचं आवरण ताणलं जातं, सांधे चिमटतात. एक्सरेत बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. म्हणूनच अशा रुग्णाला घरचेसुद्धा "एवढं काय झालंय" म्हणतात. तुम्हाला कोणी तसं म्हणालं असेल, तर त्यांना हा परिच्छेद वाचायला द्या.

व्हिपलॅश हा शब्द चाबकाच्या फटकाऱ्यावरून आला. हॅरॉल्ड क्रो नावाच्या अमेरिकन अस्थिरोगतज्ज्ञाने तो १९२८ साली वापरला. त्याला फक्त मानेची ती हालचाल सांगायची होती, लोकांनी ते आजाराचं नाव करून टाकलं.

आता हेडरेस्टकडे येऊ. आमच्या धंद्यात कागदोपत्री त्याला हेड रेस्ट म्हणत नाहीत, हेड रिस्ट्रेंट म्हणतात. रिस्ट्रेंट म्हणजे रोखणारा, आवरणारा. सीटबेल्टच्या जातीचं उपकरण आहे ते. गाडी विकणाऱ्याने, जाहिरातींनी आणि आपण सगळ्यांनी त्याला आरामाची वस्तू करून टाकलं. आरामाची वस्तू म्हटलं की ती टोचली तर खाली करायची, आड आली तर काढायची. रोखणारी वस्तू म्हटलं की तिची जागा ठरलेली असते.

ती जागा दोन मापांनी ठरते. एक उंची, दुसरं अंतर.

उंचीचं माप सगळ्यांना थोडंफार माहीत असतं. अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून नव्या मोटारींच्या पुढच्या सीटना हेडरेस्ट सक्तीचा झाला. तेव्हा विचार एवढाच होता की डोकं सीटच्या पाठीवरून मागे उलटं पडू नये. मग काही कंपन्यांनी सीटची पाठच उंच केली आणि काहींनी वरखाली होणारा हेडरेस्ट दिला. १९८२ साली तिथल्या सरकारी संस्थेने अपघातांची आकडेवारी तपासली, तेव्हा मागून बसणाऱ्या धडकांमध्ये उंच पाठीच्या सीटने दुखापतीचा धोका १७ टक्के कमी केल्याचं दिसलं, आणि वरखाली होणाऱ्या हेडरेस्टने फक्त १० टक्के. खरं तर वर केला की दुसरा पहिल्याइतकाच चांगला. पण लोक तो वर करतच नव्हते. तुमचा फोटो पाहिला आणि मला हाच आकडा आठवला. इतकी वर्षं झाली, देश बदलला, पण हेडरेस्ट अजून तळाच्याच खाचेत.

अंतराचं माप मात्र फार थोड्यांना माहीत असतं, आणि माझ्या मते तेच जास्त मोलाचं आहे. डोक्याची मागची बाजू आणि हेडरेस्टचा पुढचा भाग यांत किती मोकळी जागा आहे, ते हे माप. आम्ही त्याला बॅकसेट म्हणतो. मघाचाच हिशेब पुढे नेऊ. सीट एकसारख्या झटक्याने पुढे येतेय आणि डोकं जागेवर आहे असं धरलं, तर ५ सेंटीमीटरची फट मिटायला सेकंदाचा विसावा भाग लागतो, आणि तेव्हा हेडरेस्ट डोक्याला ताशी ७ किलोमीटरच्या आसपास वेगाने भेटतो. फट १० सेंटीमीटर असेल तर वेग ताशी १० किलोमीटरच्या वर जातो, आणि आदळण्याची ऊर्जा दुप्पट होते. प्रत्यक्षात फोम दबतो, सीटची पाठ थोडी मागे झुकते, त्यामुळे आकडे बदलतात, पण कल तोच राहतो. आणि आदळणं हा त्यातला लहान भाग. मोठं नुकसान त्या फटीच्या काळात होतं. जितका वेळ डोकं निराधार, तितका वेळ मानेचा तो एस आकार वाढत जातो. हेडरेस्ट जवळ असेल तर एस पुरता होण्याआधीच डोकं आणि धड एकत्र पुढे निघतात. मानेला ओढावं लागतच नाही.

म्हणूनच अमेरिकेने २००४ साली नियम बदलला तेव्हा पुढच्या सीटसाठी उंची ८०० मिलिमीटर केली आणि जोडीला अंतराची मर्यादा घातली: ५५ मिलिमीटर. ही उंची माणसाच्या नितंबाच्या सांध्याच्या ठरावीक बिंदूपासून, सीटच्या पाठीच्या रेषेत मोजतात. युरोपात चालणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमांतही पुढच्या सीटला ८०० आणि मागच्या सीटला ७५० मिलिमीटर अशी उंची आहे. आपल्याकडे सीट आणि हेडरेस्टसाठी भारतीय मानक आहेच, तेही साधारण युरोपीय धर्तीचं. पण एक गोष्ट गाडी घेणाऱ्याने लक्षात ठेवावी. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाडीच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या चाचणीत, सुरुवातीला ज्या धडका ठेवल्या, त्या समोरून आणि बाजूने होत्या. मागून बसणाऱ्या धडकेत मानेचं काय होतं, याची चाचणी त्यात नव्हती. युरोपातल्या तशाच चाचणीने, युरो एनकॅपने, २००९ पासून ती आपल्या रेटिंगमध्ये घेतली आहे, स्लेडवर ताशी साधारण १६ ते २४ किलोमीटर वेगबदलाचे झटके देऊन. म्हणजे शोरूममध्ये दिसणारे पाच तारे मोलाचे आहेतच, पण ते तुमच्या मानेविषयी सांगतीलच असं नाही.

वेग पाहिलात ना? १६ ते २४. एक्स्प्रेसवेवरचा वेग नाही हा. सिग्नलचा, टोलनाक्याच्या रांगेचा, पुण्याच्या नवले पुलाच्या उतारावर तुंबलेल्या रहदारीचा. "फार वेग नव्हता" असं तुम्ही लिहिलंय, बहुतेक सगळेच लिहितात. आणि बंपरला फक्त तडा गेला हे ऐकून मला बरं वाटलं नाही. गाडीचा पत्रा चेपतो तेव्हा तो धक्क्याचा काही भाग खातो. गाडी फारशी चेपली नाही याचा अर्थ माणसाला धक्का कमी बसला, असा लावता येत नाही.

मग मिस्टरांना काही झालं नाही आणि तुम्हाला झालं, हे कसं? ते स्टिअरिंग धरून सरळ बसले होते, सीटची पाठ उभी होती, त्यामुळे त्यांचं डोकं हेडरेस्टच्या जवळ होतं. तुमची पाठ कललेली, मागे क्लचर. हे झालं एक. दुसरं, स्त्रियांना या दुखापतीचा धोका पुरुषांपेक्षा जास्त असतो, हे अनेक देशांच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. मान सडपातळ, स्नायूंचं बळ कमी, वजन कमी असल्याने सीटची पाठ पुरेशी दबत नाही, अशी कारणं सांगतात. आणि यात आमच्या क्षेत्राचाही दोष आहे, तो कबूल करायला हवा. मागच्या धडकेसाठी बायोरिड नावाचा डमी वापरतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठात नव्वदच्या दशकात तो तयार झाला, माणसासारखे २४ सुटे मणके असलेला. फार उत्तम डमी, पण तो सरासरी पुरुषाच्या मापाचा. सीट त्याच्यासाठी घडत गेल्या. सरासरी स्त्रीच्या मापाचा, मागच्या धडकेसाठी बनवलेला डमी स्वीडनच्याच अॅस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने २०२२ साली जगापुढे आणला. इतक्या उशिरा. माझ्या घरात आई, बायको, मुलगी आहेत. ही गोष्ट मला आजही सलते.

स्वीडनचा विषय निघालाच आहे तर सांगतो. १९९७-९८ मध्ये तिथल्या दोन कंपन्यांनी दोन वेगळ्या वाटा काढल्या. साबने सीटच्या पाठीत एक तरफ बसवली: धडकेत तुमची पाठ सीटमध्ये रुतली की तरफ दाबली जाते आणि हेडरेस्ट आपोआप वर आणि पुढे येतो. व्होल्वोने सीटची पाठच अशी केली की ती धडकेत माणसासोबत थोडी मागे सरते आणि झटका पोटात घेते. दोन्ही कल्पना अस्सल आणि दोन्ही उपयोगी ठरल्या. पण पुढे कळलं की साधा, न हलणारा हेडरेस्टसुद्धा योग्य जागी आणि योग्य फोमचा असला तर चांगले निकाल देतो. त्यामुळे महागड्या यंत्रणेची वाट पाहायचं कारण नाही. तुमच्या गाडीत जे आहे ते नीट लावलं तर बरंच साधतं.

ते लावायचं कसं? नेहमी बसता तशा बसा, नुसतं फोटोपुरतं नाही. सीटची पाठ उभी करा, अगदी ताठ नको, पण पेंगायला बसल्यासारखी पडलेलीही नको. कंबर मागे टेकवा. आता शेजारच्या माणसाला बाजूने बघायला सांगा. हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याच्या पातळीत हवा. गाडीत तेवढी उंची मिळतच नसेल तर शेवटच्या खाचेपर्यंत वर घ्या, कानाच्या वरच्या टोकाच्या खाली तर तो कधीच नको. मग डोकं आणि हेडरेस्टमध्ये आडवी बोटं घालून बघायला सांगा. तीन बोटं म्हणजे उत्तम, चारच्या वर जाऊ देऊ नका. जास्त असेल तर पाठ अजून एक टप्पा उभी करा. हेडरेस्ट पुढेमागे होत नसला तरी सीटच्या पाठीने अंतर कमी करता येतं, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

आणि एक खास सूचना. हेडरेस्ट वर केल्यावर तळव्याने वरून दाबून बघा. दोनपैकी बहुधा एकाच रॉडवर खाचा असतात. खटकन बसला नसेल तर तो नुसता घर्षणावर उभा असतो, आणि डोक्याचा भार आला की सरसर खाली जातो. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या सीटमध्ये मी हेडरेस्ट उलटा, मागचं तोंड पुढे करून घातलेलेही पाहिलेत. "पुढे आलेला टोचत होता" म्हणून. तो पुढे आलेला भाग मुद्दाम तसा ठेवलेला असतो, अंतर कमी करण्यासाठी. उलटा घातला की खाचा चुकतात आणि अंतर वाढतं, दोन्हीकडून तोटा.

केसांचं सांगायला मला जरा संकोच होतो, पण सांगतो. अंबाडा किंवा मोठा क्लचर लावला की डोकं चार-पाच सेंटीमीटर पुढे राहतं, आणि क्लचर कडक असेल तर धडकेत तोच डोक्यात रुततो. प्रवासात वेणी घाला, नाहीतर केस खाली सैल बांधा. माझी मुलगी आता गाडीत बसताना आपण होऊन क्लचर काढून डॅशबोर्डच्या खणात ठेवते.

मानेच्या उशीबद्दल. बाजारात मिळणारी, हेडरेस्टच्या रॉडला इलॅस्टिकने लटकवायची जाड उशी घेऊ नका. ती मानेच्या खोबणीत बसते आणि डोकं पुढे ढकलते. डोक्याच्या मागची जागा मोकळीच राहते, वर आधार भलत्याच ठिकाणी. आराम वाटतो, कबूल. पण आम्ही ज्या फोमची घनता आणि जाडी ठरवायला महिने घालवतो, त्याच्यापुढे एक मऊ, निसटणारा गोळा लावल्यावर काय होईल याची हमी कोणी देऊ शकत नाही. एकसंध सीटकव्हरही बदला. हेडरेस्टचं कव्हर वेगळं असलेलं, आणि गाडीच्या सीटला साइड एअरबॅग असेल तर तिची शिवण मोकळी सोडणारं कव्हर घ्या. ते होईपर्यंत निदान हेडरेस्टपाशी शिवण उसवून घ्या. शिंप्याचं दहा मिनिटांचं काम आहे.

आता मागची सीट. इथे मला माझ्या थोरल्या बहिणीचं सांगायचंय. सात वर्षांपूर्वी सातारा रस्त्यावर त्यांची गाडी कोंडीत उभी होती आणि मागून एक पिकअप आदळला. ताई मागच्या सीटवर होती. मागचे हेडरेस्ट तुमच्यासारखेच आरशात आड येतात म्हणून काढून माळ्यावर ठेवलेले. मला ते माहीत होतं. दिवाळीला गेलो तेव्हा मी ते माळ्यावर पाहिले होते, आणि "बसव रे ते" असं मेहुण्यांना म्हणून निघून आलो होतो. स्वतः उतरवून बसवायला पाच मिनिटं लागली असती. ताईला चौदा महिने मानेचा त्रास झाला. शिलाई मशीनवर बसणं तिने सोडलं, वरच्या फळीवरचा डबा काढायला सुद्धा ती आम्हाला हाक मारायची. त्यानंतर मी कुणाच्याही गाडीत बसलो की आधी मागे वळून बघतो.

आरशात आड येण्याचा प्रश्न खरा आहे. त्यासाठी बऱ्याच गाड्यांत मागचा हेडरेस्ट खाली सीटवर पूर्ण बसतो, म्हणजे मागे कोणी नसताना खाली आणि कोणी बसलं की वर. कधी कधी तो खाली असताना बसलेल्याच्या पाठीत रुततो आणि लोक शोरूममध्ये तक्रार करतात की सीट सदोष आहे. ती सदोष नाही. बसणाऱ्याला टोचावं आणि त्याने तो वर ओढावा, म्हणून आम्ही तो तसाच आखतो. मागच्या मधल्या जागेला हेडरेस्टच नसेल तर तिथे लांबच्या प्रवासात मोठ्या माणसाला बसवू नका.

मुलांच्या सीटचं थोडं वेगळं आहे. पाठ असलेली चाइल्ड सीट लावताना गाडीचा हेडरेस्ट तिला पुढे ढकलत असेल आणि चाइल्ड सीटच्या माहितीपुस्तिकेत तसं लिहिलं असेल, तर तेवढ्यापुरता तो काढता येतो. काढलेला हेडरेस्ट डिकीत नीट अडकवून ठेवा, मोकळा नको, आणि चाइल्ड सीट काढली की परत लावा. बिनपाठीच्या बूस्टरवर, म्हणजे मुलाला उंच करणाऱ्या नुसत्या बैठकीवर, मूल बसत असेल तर मात्र त्याच्या डोक्यामागे हेडरेस्ट हवाच.

व्हॉट्सअॅपवर फिरणारा एक दावाही इथेच निकाली काढतो, कारण तो मला दर पावसाळ्यात कोणीतरी पाठवतं: गाडी पाण्यात बुडाली तर काच फोडता यावी म्हणून हेडरेस्ट निघणारा आणि टोकदार रॉडचा बनवतात. आम्ही तो तशासाठी बनवत नाही. रॉडची टोकं खाचेत सहज सरकावीत म्हणून तशी घडवतात. काच फोडायची हातोडी वेगळी मिळते, बेल्ट कापायच्या पात्यासकट. ती घेऊन हाताला येईल अशी ठेवा.

पुढच्या वेळी थांबलेल्या गाडीत आरशात मागून कोणी जोरात येताना दिसलं आणि सुटायला जागा नसेल, तर पाय ब्रेकवर दाबून ठेवा, डोकं मागे हेडरेस्टला टेकवा आणि समोर बघा. मागे वळून बघू नका. वळलेल्या मानेला हाच झटका जास्त इजा करतो.

तुमच्या दुखण्याबद्दल एवढंच: हातात मुंग्या, बधिरपणा, पकड ढिली पडणं, चालताना तोल जाणं, यातलं काही जाणवलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे जा. आणि गळ्यातला पट्टा किती दिवस वापरायचा हे त्यांना स्पष्ट विचारा. हाडाला इजा नसेल तर आता मान फार दिवस बांधून ठेवण्यापेक्षा सांभाळून हलती ठेवण्याकडे वैद्यकाचा कल आहे.

गाडी विम्यातून दुरुस्त झाली असेल तर पत्रा आणि रंग झाला असेल, सीट कोणी पाहिली नसेल. ती बघून घ्या. दोन्ही पुढच्या सीटची पाठ हाताने मागेपुढे हलवा, उजव्या-डाव्या बाजूत फरक जाणवतो का ते पाहा. रिक्लायनरची, म्हणजे सीटची पाठ कलती करणाऱ्या यंत्रणेची, खिट्टी प्रत्येक टप्प्यावर पकडते का, हेडरेस्टचे रॉड वाकलेत का, बटण दाबल्याशिवाय तो खाली जातो का, हे तपासा. खात्री वाटत नसेल तर फोटो परत पाठवा. या वेळी कव्हर काढून, आणि रॉडच्या खाचा दिसतील असा एक जवळून काढलेला.